तुकड्यांच्या गोधडीत आधी फिकं-गडद बघा, रंग नंतर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आजीच्या पेटीतून जुनी सुती पातळं निघाली, त्यात जुन्या वळणाच्या छापाचं नवं कापड नागपूरच्या इतवारी-गांधीबाग बाजारातून थोडं थोडं आणून मिसळलं, बारा इंची २४ ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन, शिवले, आणि आता पलंगावर मांडले तर सगळी खिचडी दिसून राहिली. वरून एका लाल कापडाचा रंग धुताना पसरला आणि आजीच्या पातळाचे दोन तुकडे शिवणीला लागूनच फाटले. तुम्ही विचारलं की माझी रंगाची निवड चुकली का, आणि हे सगळं उसवू का. उसवू नका. रंगाची निवडही चुकली नाही. मी इथल्या महाल भागात सासूबाईंच्या हाताखाली गोधडी शिकले, त्यानंतर तीसेक वर्षं हेच करून राहिले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खिचडी रंगांमुळे होत नाही, सगळे तुकडे एकाच मध्यम शेडचे असले की होते. जुन्या वळणाचे छाप म्हणजे बारीक फुलं, वेलबुट्टी, ठिपके, जवळून पाहिलं तर किती गोड दिसतात, पण चार हात लांब जा, फूल आणि त्यामागची जमीन डोळ्यात एकत्र मिसळते आणि उरते फक्त एक धुरकट मध्यम शेड. गुलाबी छाप, हिरवा छाप, निळा छाप, तिन्ही लांबून सारखेच. मग तुम्ही ब्लॉकमधे कितीही सुंदर चांदणी बसवा, चांदणीची टोकं दिसणारच नाहीत. दुकानात आपण कापड उचलतो ते हातभर अंतरावरून, आणि गोधडी बघतो दारातून, सगळा घोळ तिथेच होते.

आता एवढं करा, २४ ब्लॉक पलंगावर आहेत तसेच राहू द्या, दारात उभं राहून मोबाईलवर फोटो काढा आणि फोटो ब्लॅक अँड व्हाईट करा. मला खात्री आहे तुम्हाला सगळा करडा दिसेल, मधे मधे दोनचार काळे डाग. मग उरलेल्या कापडांचा ढीग घ्या आणि तीन वाट्या करा, फिके, मध्यम, गडद. रंग बघूच नका. पिवळा असो की निळा, फिका तो फिक्यात. पहिल्यांदा करताना मन मानत नाही, पण करा. माझ्याकडे येणाऱ्या जवळपास सगळ्यांची मधली वाटी भरून वाहते आणि फिक्याची वाटी रिकामी असते, कारण दुकानात पांढुरकं, तुपासारख्या घिवर रंगाचं, बारीक ठिपक्याचं कापड कोणी उचलतच नाही, ते बापडं तिथे दिसत नाही. पण गोधडीत बाकीच्यांना दिसू देणारं तेच असते. माझा हिशोब असा, चार भाग फिकं, तीन भाग गडद, दोन भाग मध्यम, आणि एक चिमूट चटक रंग, म्हणजे झेंडूचा केशरी किंवा हळदीचा पिवळा. चिमूट म्हणजे चिमूटच, दर दोनतीन ब्लॉकमागे बोटभर तुकडा.

हे मी मनचं सांगत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत मंदी होती तेव्हा पीठ, साखर, कोंबड्यांचं खाद्य सुती पोत्यांतून यायचं, बायका ती पोती धुऊन कपडे शिवायच्या, हे पाहून कंपन्यांनी पोतीच फुलाफुलांच्या छापात काढली. त्या पोत्यांच्या तुकड्यांच्या ज्या गोधड्या झाल्या त्यांच्यावरून आज ते 'थर्टीज' नावाचे रीप्रॉडक्शन प्रिंट, म्हणजे जुन्या छापाची नक्कल, निघतात, फिका हिरवा, गुलाबी, आकाशी, पिवळा. आपण ते छाप उचलतो पण एक गोष्ट विसरून जातो. त्यातल्या कितीतरी गोधड्यांमधे छापाच्या तुकड्यांभोवती साधं पांढरं कापड मोकळं सोडलेलं असते. त्या पांढऱ्यामुळे त्या हसऱ्या दिसतात. त्याआधीचे, एकोणिसाव्या शतकातले छाप वेगळे, मंजिष्ठेचे तपकिरी-लाल, नीळ, गुलाबीवर गुलाबी, आणि पांढऱ्यावर अगदी बारीक काळी नक्षी, तिला शर्टिंग म्हणतात. तिथेही गडदाच्या शेजारी ते शर्टिंग आहेच. हे दोन काळ एका गोधडीत शक्यतो मिसळू नका, थर्टीजचा स्वच्छ गुलाबी त्या जुन्या तपकिरीशेजारी बसला की तपकिरी मळका वाटते आणि गुलाबी उथळ.

आणि खरं सांगू का, जुन्या वळणाचा छाप शोधायला आपल्याला लांब जायची गरजच नाही. इंग्रजीत ज्याला चिंट्झ म्हणतात तो शब्द आपल्या छीट, म्हणजे छापील सुती कापड, यावरून गेला. आपल्याकडची छीट युरोपात इतकी चालली की तिथल्या विणकरांचं पोट मारलं जाते म्हणून फ्रान्सने १६८६ मधे तिच्यावर बंदी घातली, इंग्लंडनेही १७०० मधे आणि पुन्हा १७२१ मधे कायदा केला. म्हणजे ज्याला आपण आज व्हिंटेज प्रिंट म्हणून मागवतो त्याचं माहेर इथलंच. नागपूरला तर मध्यप्रदेशचा बाघ प्रिंट सहज मिळते, हँडलूमच्या प्रदर्शनात सांगानेर, बगरू, अजरख, कलमकारी सगळं येते. सांगानेरचं पांढऱ्या जमिनीवरचं बारीक फूल तुमच्या फिक्याच्या वाटीत घाला, गडद जमिनीचा बाघ आणि अजरख गडदाच्या वाटीत, आणि मधे आजीची पातळं. बस, तुमची गोधडी तिथेच अर्धी जमते. फक्त खरा ठसा आहे की मशीनचा स्क्रीन प्रिंट हे उलट्या बाजूने बघून घ्या, हाताच्या ठशात रंग मागे थोडाफार उतरलेला असते आणि एका ठशाचा दुसऱ्याशी जोड कुठेतरी केसभर सरकलेला दिसते. स्क्रीन प्रिंट वाईट नाही, पण ठशाच्या भावात घेऊ नका. आणि फक्त छापच छाप नको, चौकडी आणि रेघा लागतातच, डोळ्याला टेकायला जागा पाहिजे. बाबांचे जुने सुती शर्ट, लुंगीची चौकडी, शाळेच्या युनिफॉर्मचा निळा चेक, हे सोनं आहे. फक्त टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं कापड, बाजूला काढा. १९८० च्या आसपासचे घरातले बरेच शर्ट टेरिकॉटचे निघतात, इस्त्रीला घडी धरत नाहीत आणि ब्लॉक फुगवतात. कळत नसेल तर दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळा, सुताला जळक्या कागदाचा वास येते आणि राख बोटाने चुरली जाते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होते.

आता लाल कापडाचं. हे माझ्या हातूनही झालेलं आहे म्हणून मनापासून सांगते. माझ्या तिसऱ्या की चौथ्या गोधडीत एका दुकानातून घेतलेलं गर्द लाल कापड मी न धुता वापरलं, दुकानदाराने पक्का रंग म्हणून सांगितलं होतं. सगळी शिवून झाल्यावर पहिल्या धुण्यात शेजारचे सगळे पांढरे तुकडे गुलाबी झाले. मी घाबरून ती गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात टाकली, वाळली, मग इस्त्री फिरवली, आणि तीच खरी चूक, कारण पसरलेला रंग वाळला आणि त्याला गरमी लागली की तो अंगाला चिकटून बसते. पसरला तर वाळू द्यायचाच नाही. ओलं असतानाच मोठ्या टबात किंवा बादलीत, हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात भांड्याचं लिक्विड घालून पूर्ण बुडवून बारा तास ठेवायचं, पाणी भरपूर पाहिजे म्हणजे सुटलेला रंग पाण्यात राहते, परत कापडावर बसत नाही. पाणी रंगलं की बदलायचं, पुन्हा गरम पाणी, पुन्हा तेच, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. तुमचे ब्लॉक अजून इस्त्री केले नसतील तर वाळलेले असले तरी हे करून बघा, बराच फरक पडते. फक्त आजीच्या पातळाचे तुकडे असलेले ब्लॉक चोळू पिळू नका.

मीठ-व्हिनेगरमधे भिजवलं की रंग पक्का होते असं आपल्याकडे घराघरात सांगतात. आजच्या बाजारातल्या सुती रंगांवर त्याचा उपयोग होत नाही, हे मी करून करून पाहिलेलं आहे. त्यापेक्षा कापड घरी आलं की दोनदा धुवा, आणि प्रत्येक गडद कापडाची ही परीक्षा घ्या, पांढरा रुमाल ओला करून पिळायचा, गडद कापडावर ठेवायचा आणि वरून गरम इस्त्री अर्धा मिनिट दाबायची. रुमालावर रंग आला तर कापड पुन्हा धुवायला. चार धुण्यानंतरही येतच असेल तर ते कापड कितीही आवडतं असलं तरी या गोधडीत नाही, त्याची पिशवी शिवा. निळीचं थोडं वेगळं आहे, खऱ्या निळीचा रंग नुसत्या घासण्यानेही हाताला लागते, तो वरवरचा असते, धूत गेलं की कमी होते. दोनदा धुण्याचा दुसरा फायदा असा की नवं सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीनपाच सेंटिमीटर आटते आणि आजीचं पातळ पन्नास वर्षांपूर्वीच आटून बसलेलं आहे, दोघं न धुता शेजारी शिवले तर पुढे नवं आखडते आणि जुन्याला ओढते. तुमचे तुकडे शिवणीजवळ फाटले त्यात याचाही हात असू शकते.

पण मुख्य कारण वेगळं, त्या पातळाचा जीव संपला होता. हे आधी ओळखता येते. सकाळी खिडकीशी उभं राहा, पातळ उजेडासमोर धरा. जिथे नेसताना निऱ्या यायच्या, खोचायचा भाग, मांडीखालचा भाग, तिथे विण विरळ होऊन उजेड जाळीसारखा येते, आणि पदराच्या आतल्या बाजूचा हातभर भाग मात्र अजून दाट असते. मग दाट वाटणाऱ्या जागी दोन्ही अंगठे बोटभर अंतरावर ठेवून ताणायचं, आधी उभ्या धाग्याने, मग आडव्या. बारीक चर्र आवाज आला की तो भाग सोडून द्या. काही आवाज न येता कापड नुसतं ताणून परत आलं तर ते वापरण्यासारखं आहे. मी असं करत करत एका नऊवारीतून कधी फक्त दीड हात कापड काढलेलं आहे, बाकी सगळं ठेवून दिलं. काळ्या आणि गडद तपकिरी छापावर विशेष लक्ष ठेवा, पारंपरिक पद्धतीत तो काळा लोखंडाच्या गंजापासून करतात आणि ते लोखंड वर्षानुवर्षं सूत खात राहते. जुन्या छापील कापडात लाल फूल शाबूत आणि त्याची काळी कड तेवढी गळून गेलेली दिसते ते यामुळेच.

जीव कमी पण मन सुटत नाही अशा कापडाला मांजरपाटाचा आधार द्या. मला स्वतःला तुकड्यांच्या गोधडीत सगळ्यात आवडणारी पद्धत हीच आहे, स्ट्रिंग ब्लॉक म्हणतात त्याला. धुतलेल्या मांजरपाटाचा साडेआठ इंची चौकोन घ्यायचा, त्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक पट्टी सुलट ठेवायची, तिच्यावर दुसरी पट्टी उलट ठेवून तिघांतून शिवण मारायची, उलटवून नखाने दाबायची, मग तिसरी, चौथी, चौकोन झाकेपर्यंत. शेवटी मांजरपाटाच्या मापाने कडा कापून टाकायच्या. पट्ट्या वेड्यावाकड्या, अर्ध्या इंचापासून दोन इंचापर्यंत काहीही चालतात, शिंप्याकडची कतरनसुद्धा. ताण सगळा मांजरपाट घेते, आजीचं कापड फक्त वर पडून असते. मधली कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची पट्टी सगळ्या ब्लॉकमधे एकाच फिक्या कापडाची ठेवा, चार ब्लॉक जोडले की आपोआप फिक्या रेषेचा चौकट उभा राहते आणि बाकी कितीही गोंधळ असू दे, गोधडी शिस्तीत दिसते. लोक कागदावरही करतात, तेव्हा टाका बारीक ठेवायचा म्हणजे कागद नंतर सहज फाटते, पण जुन्या कापडाला कागद ओढून काढताना त्रास होते, म्हणून आजीच्या पातळांना मांजरपाटच.

जरीकाठी, रेशमी किंवा हातमागाचं विणलेल्या काठाचं नागपुरी लुगडं निघालं असेल तर त्याला कात्री लावू नका, ते ठेवा. कापायची ती रोज नेसून मऊ झालेली.

शिवणीबद्दल थोडक्यात. पाव इंच मार्जिन, आणि ती सगळीकडे सारखी, यावर सगळं उभं आहे. बारा इंचात सहा जोड असले आणि प्रत्येक जोडाला सुतभर जास्त गेलं तरी ब्लॉक जवळपास पाऊण इंच लहान होते, मग कडा जुळत नाहीत आणि आपण ताणून जुळवतो. मशीनच्या पायाखालच्या पत्र्यावर सुईपासून पाव इंच मोजून जाड टेप चिकटवा आणि कापडाची कड त्याला घासत न्या. आपली जुनी काळी पायाची उषा मशीन यासाठी फार छान, सरळ टाका तिच्याइतका सरळ नवीन मशीनही टाकत नाही. जुन्या कापडाला ११ नंबरची सुई, १४ ची सुई भोकं पाडते. मार्जिन गडदाच्या बाजूला दाबा नाहीतर फिक्यातून सावली दिसते. इस्त्री घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची. आणि मांडणी करताना पंखा, कूलर दोन्ही बंद, मी एकदा दीडशे तुकडे जमिनीवर लावून पाणी प्यायला गेले आणि कोणीतरी कूलर लावला, पूर्ण दुपार गेली.

कापड किती लागेल हेही तुम्ही विचारलं. सिंगल पलंगाला चार इंची चौकोनांची साधी गोधडी केली तर आडवे १५ आणि उभे २२, म्हणजे ३३० चौकोन, ६० बाय ८८ इंच. चौकोन साडेचार इंचाचे कापायचे, ४४ इंच पन्ह्याच्या एका मीटरात ७२ निघतात, म्हणजे सगळे मिळून पाच मीटर कापड पुरते. तेव्हा छान वाटलं म्हणून प्रत्येक छापाचं मीटर मीटर घेऊ नका, पाव मीटरच्या वर घ्यायचं कारण नाही, तेवढ्या पैशात चार छाप येतात. अस्तराला एक सहावार सुती साडी बरोबर बसते, साडेपाच मीटर मधे कापून दोन तुकडे लांबीने जोडले की ९० इंच रुंद आणि १०८ इंच लांब होते, सगळ्या बाजूंनी वीतभर तरी जादा ठेवून. पलंगावरची जाड चादर अस्तराला घेऊ नका, तिची विण इतकी घट्ट असते की हाताची सुई जातच नाही.

भरायला काय, तर नागपूरचा विचार करा. डिसेंबर-जानेवारीचे थंडीचे दिवस सोडले तर इथे जाड रजई कोण घेते, आणि उन्हाळ्यात रात्री कूलर लावून झोपलं की पहाटे चारला अंगावर काहीतरी हलकं लागतेच. म्हणून मी दोन जुन्या मऊ साड्यांचे थरच घालते, पिंजलेला कापूस नाही, तो धुतला की गोळे होतात. थर साड्यांचे असले की धावदोरा बोटभर अंतराने पाहिजे, बाहेरच्या कडेपासून सुरू करून गोल गोल आत, आपल्या गोधडीची जुनी पद्धत तीच, तरी मधे फुगा राहत नाही कारण आधी टाचून घेतलेलं असते. विकतची सुती बॅटिंग, म्हणजे भरायचा तयार थर, घातली तर दोनतीन इंचावर टाका चालते. कडेला अडीच इंची पट्टी दुहेरी करून, ६० बाय ८८ ला पाऊण मीटर कापड पुरते. आजीच्या पातळाचा काठ कडेला लावायचा मोह होईल, नका लावू, गोधडी सगळ्यात आधी कडेलाच झिजते. तो काठ मधे बसवा.

आता तुमच्या २४ ब्लॉकचं. फाटलेल्या दोन तुकड्यांच्या मागे मांजरपाटाचा तुकडा लावून वरून बारीक धावदोऱ्याने रफू करा, दिसलं तर दिसू द्या. लाल पसरलेले ब्लॉक वर सांगितलं तसं भिजवून घ्या. मग दीड मीटर मांजरपाट आणा, पांढराशुभ्र नको, तो जुन्या कापडांशेजारी डोळ्यात खुपते, ब्लीच न केलेला घिवर रंगाचा. घरी पांढराच असेल तर चहाच्या पाण्यात बुडवून घ्यायची युक्ती सगळे सांगतात, दिसते छान, पण चहातला तुरटपणा, म्हणजे टॅनिन, कापडाला दीर्घकाळ चांगला नाही, मी लहान तुकड्यांपुरतंच करते. त्या मांजरपाटाच्या अडीच इंची पट्ट्या कापा आणि प्रत्येक ब्लॉकच्या चारी बाजूंनी मधे मधे घाला, आडवे चार ब्लॉक, उभे सहा, शिवून पट्टी दोन इंच राहील आणि गोधडी ५८ बाय ८६ होईल. सगळ्यात मध्यम आणि धुरकट वाटणारे ब्लॉक कडेला पाठवा, ज्यात थोडं तरी फिकं-गडद आहे ते मधे. जिथे चार पट्ट्या भेटतात तिथे दोन इंची हळदी पिवळ्या चौकोनांचे टिके ठेवा, सगळीकडे ३५ लागतील, अडीच इंचाचे कापा. मग पुन्हा दारात उभं राहून फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाईट करून बघा, आणि जमलं तर तो फोटो मला दाखवा, कोणता ब्लॉक कुठे हलवायचा ते शिवायच्या आधी एकदा सोबत बसून बघून घेऊ.